आधी ओळख, मग फोटो

बकीच्या ट्रेमध्ये, म्हणजे किरण झेलणारं पॅनल सरकवायच्या खणात, ते पॅनल नीट बसलं नसेल तर चांगलं एक्स-रे यंत्र फोटो काढायला साफ नकार देतं. टेक्निशियन हातातल्या स्विचचं बटण अर्धं दाबतो, पण ‘रेडी’ येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातली खूण हिरवी व्हायला हवी, ती होत नाही. बाहेर बाकावर रांग लागलेली असताना असा नकार कुणालाही खुपतो. मला मात्र या यंत्राच्या सगळ्या करामतींत हीच सर्वांत देखणी वाटते. फोटो किती स्वच्छ आला, किती झटपट आला, पडद्यावर मोठा करून किती बारीक पाहता येतो, याचं कौतुक सगळेच करतात. किरण सुटण्याआधीच्या दोन-चार सेकंदांत यंत्र काय काय पडताळून घेतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. आस्वाद घ्यायचा तर तिथेच रेंगाळायला हवं.

मांडणी तशी साधी. एका बाजूला ट्यूब, समोर किरण झेलणारं पॅनल, मध्ये माणूस. ट्यूबला पॅनल दिसत नाही आणि पॅनलला ट्यूब. मधल्या माणसाला तर दोन्हींचं काहीच ठाऊक नसतं, त्याच्या कानावर फक्त ‘श्वास घ्या, रोखा’ एवढं पडतं. या अवस्थेत फोटो बरा यायचा असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळायला हवीत. समोर आहे ते पॅनल कोणतं? ते आहे कुठे? आणि कसं धरलंय, उभं, आडवं की कललेलं? पूर्वी ही तिन्ही उत्तरं टेक्निशियनच्या डोक्यात असायची. आता यंत्र ती स्वतः शोधतं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या संदर्भात हे वाचण्याला कारण आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४ मध्ये झालं. पण गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे भामरागडला जायचं तर पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर तुडवावे लागतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे दरवर्षीचं आहे. शहरात फोटो बिघडला तर ‘परत काढू, उद्या या’ म्हणून भागतं. इथे पेशंट आतल्या गावातून पायी येऊन बस धरून आलेला असतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला की तो फोटो गेला. पहिलाच फोटो बरोबर यावा ही अपेक्षा जंगलात जितकी अडते तितकी नागपुरात अडत नाही.

कॅसेटच्या काळात ओळखीचा प्रश्नच नव्हता. कॅसेट मुकी होती. बारा-पंधराची घ्या, चौदा-सतराची घ्या, फिल्म भरली की एक दुसरीसारखीच. टेक्निशियनने मापाची कॅसेट उचलायची, झोत आखणाऱ्या कॉलिमेटरची दोन बटणं फिरवून उजेडाचा चौकोन तेवढ्याच मापाचा करायचा, फुलीची सावली छातीच्या मध्यावर आणायची आणि फोटो मारायचा. तिथेही यंत्राला थोडी अक्कल देण्याचा प्रयत्न झाला होता. अमेरिकेत १९७४ पासून नव्या स्थिर यंत्रांवर सक्ती आली की ट्रेमधल्या कॅसेटचं माप यंत्राने ओळखावं आणि किरणांचा झोत त्याहून मोठा पसरूच देऊ नये. ट्रेच्या चिमट्यांना जोडलेले विजेचे साधे संवेदक, कॅसेट जितकी रुंद तितके चिमटे फाकणार आणि तितकीच शिशाची झडप उघडणार. पुढे नव्वदच्या दशकात ही सक्ती मागे घेतली गेली. कल्पना मात्र मुरली, आणि डिजिटल पॅनल आल्यावर वेगळ्या कारणाने वर आली.

हे कारण रंजक आहे. चौदा-सतराचं, म्हणजे ३५ गुणिले ४३ सेंटीमीटरचं पॅनल जेमतेम तीन किलोंचं असतं आणि त्यात सत्तर-ऐंशी लाख बिंदू असतात. वर सीझियम आयोडाइडच्या सुईसारख्या स्फटिकांचा थर, तो किरणांचा उजेड करतो, खाली सिलिकॉनचा थर तो उजेड टिपतो. या लाखो बिंदूंपैकी कोणतेही दोन तंतोतंत सारखे नसतात. एक जरा जास्त उत्साही, दुसरा मंद, काही जन्मतःच मेलेले. म्हणून प्रत्येक पॅनलसोबत त्याचा स्वतःचा नकाशा येतो, कोणता बिंदू किती उणा, किती अधिक, कोणता सोडून द्यायचा. कच्चा फोटो या नकाशातून गाळला की मगच तो आपल्याला दिसतो तसा नितळ होतो. एका पॅनलच्या फोटोला दुसऱ्या पॅनलचा नकाशा लावला, तर पहिल्याचे दोष तसेच राहतात आणि दुसऱ्याचे दोष वर छापले जातात. फिल्मला नाव नव्हतं, पॅनलला नाव असावंच लागतं.

तरी वायरने बांधलेलं होतं तोवर अडचण नव्हती. टेबलाखालचं पॅनल टेबलाखाली, चेस्ट स्टँडचं स्टँडमध्ये, पत्ता पक्का. २००९ च्या सुमारास कॅसेटच्याच मापाची बिनतारी पॅनलं बाजारात आली आणि घर मोडलं. आता एकच पॅनल सकाळी टेबलात, दुपारी स्टँडमध्ये, संध्याकाळी वॉर्डात खाटेवरच्या पेशंटच्या पाठीखाली. शेजारी तसंच दिसणारं दुसरं. एका रुग्णालयात, नाव नको, मी हा घोळ डोळ्यांनी पाहिला आहे. पेशंट टेबलावर निजलेला, पडद्यावर निवड चेस्ट स्टँडची. किरण पेशंटमधून गेले, टेबलातल्या पॅनलने ते झेललेही असतील, पण यंत्र वाट पाहत होतं भिंतीकडच्या पॅनलची. पडद्यावर पांढरा शुभ्र चौकोन आला. पेशंटला काही कळलं नाही, त्याला सांगितलं, ‘हाललात तुम्ही, परत काढतो.’

छातीच्या एका फोटोचा डोस फार नाही, सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा आणि आकाशातून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, त्या हिशेबाने तीन दिवसांचा. तेव्हा भीतीचा बाऊ करण्याचं कारण नाही. पण फोटोच मिळाला नाही तर तो तीन दिवसांचा डोस निव्वळ फुकट गेला, त्याच्या बदल्यात कुणाला काही कळलं नाही. किरण देण्याला माफी एवढ्याचसाठी आहे की त्यातून काहीतरी समजतं.

म्हणून बिनतारी पॅनल खोलीत आणलं की आधी त्याची नोंद होते. यंत्राच्या अंगावर एक ठरलेली जागा असते, पॅनल तिथे टेकवायचं किंवा खोबणीत उभं करायचं. अवरक्त किरणांच्या नाहीतर जवळच्या रेडिओ लहरींच्या वाटेने क्षणभर बोलणं होतं. पॅनल आपला अनुक्रमांक, माप, बॅटरी, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख सांगतं, यंत्र त्याला आपल्या जाळ्यात जागा देतं आणि त्याचा नकाशा काढून ठेवतं. ट्रेमध्ये सरकवलं की तिथले संवेदक सांगतात, आलं, उभं बसलं आहे, आडवं नाही. त्यावरून झोताचं माप ठरतं, आपोआप एक्सपोजर तोडणाऱ्या तीन कक्षांपैकी बाजूचे दोन फुप्फुसांच्या मागे येतात की नाही तेही ठरतं. मग ट्यूबची पाळी. छताच्या रुळांवरून लोंबणाऱ्या ट्यूबच्या प्रत्येक सांध्यात ती किती सरकली, किती वळली हे मोजणारे मापक असतात. चेस्ट स्टँड निवडला की ट्यूब वळून १८० सेंटीमीटरवर येऊन थांबते, स्टँड पेशंटच्या उंचीप्रमाणे खाली केला की मागोमाग तीही तितकीच उतरते. झाडीपट्टीच्या मंडपात पडदा वर जाण्याआधी ऑर्गनवाला आणि तबलजी एकमेकांचा सूर पाहून घेतात, तसं हे चालतं. प्रेक्षक अजून जागा शोधत असतात, पण नाटक पडणार की रंगणार हे तिथे अर्धं ठरलेलं असतं.

इथवर सोपं आहे, कारण ट्रे आणि ट्यूब दोन्ही यंत्राच्याच अंगाला जोडलेले. खरी कसोटी सुट्या पॅनलची. वॉर्डात पेशंट उशाला टेकून अर्धवट बसलेला आहे, पाठीमागे पॅनल सरकवलंय, गादी दबते तसं तेही कलतंय, त्यावर ग्रिड चढवलंय. ग्रिड म्हणजे शिशाच्या अगदी पातळ पट्ट्या कडेवर उभ्या करून केलेली जाळी, सरळ येणारे किरण जाऊ द्यायचे आणि शरीरात आपटून भरकटलेले अडवायचे. गुस्ताव बकीने ती १९१३ मध्ये आणली, ट्रेला आजही त्याच्याच नावाने हाक मारतात. यातली भूमिती पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या ८:१ च्या ग्रिडमध्ये पट्टीची उंची दोन पट्ट्यांमधल्या फटीच्या आठ पट असते. हिशेब केला तर असं निघतं की किरण सात अंशांनी तिरपे आले की सरळ वाटेने एकही आत शिरू शकत नाही, आणि साडेतीन अंशांतच निम्मे गळतात. साडेतीन अंश! खाटेवरच्या चादरीआड लपलेल्या पॅनलचा कल नुसत्या डोळ्याने साडेतीन अंशांपर्यंत ओळखणारा टेक्निशियन मला कुणी दाखवावा, मी त्याला नमस्कार करीन.

यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. पॅनलमध्ये मोबाइलमध्ये असतो तसा कल मोजणारा संवेदक बसवायचा, तसाच ट्यूबवर. पॅनल म्हणतं मी ३८ अंश, ट्यूब म्हणते मी ४१. पडद्यावर दोघांतला फरक दिसतो आणि टेक्निशियन ट्यूब तीन अंश मागे घेतो. किती थोडक्यात काम झालं! पण रसिकाने इथे एक खोट पाहायलाच हवी. हा संवेदक गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालतो, त्याला खाली-वर कळतं, दिशा कळत नाही. पॅनल भिंतीसारखं सरळ उभं असेल आणि दारासारखं थोडं उघडल्यागत वळलं असेल, तर पृथ्वीच्या ओढीत काडीचाही फरक पडत नाही. संवेदक ‘सगळं ठीक’ म्हणतो आणि फोटो वाकडा येतो. ही उणीव भरायला कुणी पॅनलमध्ये चुंबकीय क्षेत्र ओळखणारी वेटोळी बसवली, कुणी ट्यूबशेजारी खोली मोजणारा कॅमेरा लावला. यांतली कोणतीही युक्ती एकटी पुरी पडत नाही, एकीच्या अंधारात दुसरी दिसते.

हे सगळं शेवटी फोटोत कुठे वाचायचं? बहुतेक जण फुप्फुसांपासून सुरुवात करतात. मी कडांपासून करतो. किरणांचा झोत पॅनलहून लहान ठेवला असेल तर चारही बाजूंना किरण न लागलेली पट्टी राहते. ती सारखी असेल तर ट्यूब मध्यावर होती, एका बाजूला रुंद असेल तर घसरली होती, आणि चौकोनाऐवजी वर अरुंद खाली रुंद अशी आकृती असेल तर कुणीतरी कललेलं होतं. त्यानंतर हसळीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला गेली आहेत का. आणि मग दाणा. ग्रिड तिरपं असेल तर एक बाजू कमी किरणांत भिजते. फिल्मवर ती बाजू सरळ पांढुरकी दिसायची, चूक लपत नसे. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर दोन्ही बाजू सारख्या करून देतं, पण जिथे किरणच कमी पोचले तिथे दाणा रवाळ होतो, आणि तो कितीही सारवला तरी राहतो.

सारवण्याची ही सवय मला खटकते. आजची सॉफ्टवेअरं कडेची पट्टी काळ्या चौकटीने झाकून टाकतात. दिसायला फोटो नेटका. पण झोत किरण सुटण्याआधी आखला होता की नंतर कात्री लावली, हे त्या चौकटीने पुसलं. आधी आखला असता तर पोटाला, गळ्याला, दंडाला किरण लागलेच नसते. नंतर कापलेल्या फोटोत ते दिसत नाहीत एवढंच, लागलेले असतात. डॉक्टरच्या टेबलावर दोन्ही फोटो सारखेच देखणे येतात. माझ्या लेखी त्यांची योग्यता एक नाही.

चंद्रपूरच्या बाबतीत या रवाळ दाण्याचं मोल फार आहे. वरोरा, बल्लारपूर, माजरी, दुर्गापूर, हा सगळा कोळशाचा पट्टा. १९५५ च्या खाण नियमांनुसार खाणकामगाराची ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात छातीचा फोटो असतो. कोळशाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा आजार वाचण्याची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पद्धत ठरलेली आहे. गोल ठिपके दीड मिलिमीटरपर्यंतचे असतील तर एक वर्ग, तीनपर्यंत दुसरा, दहापर्यंत तिसरा, आणि ठिपके किती दाट त्याच्या बारा पायऱ्या. नमुन्याचे प्रमाण फोटो शेजारी ठेवून जुळवायचं. आता विचार करा, दीड मिलिमीटरहून बारीक ठिपके शोधणारा डॉक्टर आणि समोर कमी किरणांमुळे रवाळ झालेला फोटो. दाणा कुठे संपतो आणि धूळ कुठे सुरू होते? फिका फोटो वाचताना ठिपके आहेत त्याहून दाट वाटतात, ही या क्षेत्रातली जुनी अडचण आहे. उलट, जास्त किरणांत काळवंडलेल्या फोटोत खरे ठिपके बुडून जातात. त्या वाचनावर कामगाराची नुकसानभरपाई ठरते, त्याला धुळीतून हलवायचं की नाही ते ठरतं. एवढा मोठा निर्णय साडेतीन अंशांवर टांगलेला असतो, आणि कागदावर त्या अंशांची नोंद कुठेही नसते.

यंत्र सांगतं त्यावर कुणाचा विश्वास? अणुऊर्जा नियामक मंडळाचा तरी आंधळा विश्वास नाही. दर दोन वर्षांनी यंत्राची गुणवत्ता तपासून घ्यावी लागते, आणि त्यातली एक चाचणी म्हणजे शुद्ध कविता आहे. पंधरा सेंटीमीटर उंचीची ॲक्रिलिकची नळी, तिच्या वरच्या तोंडाशी मधोमध पोलादाची बारीक गोळी, खालच्या तोंडाशी तशीच दुसरी. नळी पॅनलवर उभी करायची, वरून फोटो मारायचा. झोत अगदी ओळंब्यात असेल तर वरच्या गोळीची सावली खालच्या गोळीवर पडते आणि फोटोत दोनाची एकच दिसते. झोत दीड अंश कलला तर वरची सावली साडेचार-पाच मिलिमीटर सरकते आणि पहिल्या वर्तुळाच्या रेषेला टेकते. परवानगी तिथपर्यंत. कुठला सेन्सर नाही, संगणक नाही, बॅटरी नाही. झोत सरळ असल्याचा यंत्राचा दावा या दोन गोळ्या एका फोटोत खरा-खोटा करतात.

शेजारची दुसरी चाचणी उजेडाची. एक्स-रे दिसत नाहीत, म्हणून कॉलिमेटरमध्ये दिवा आणि तिरका आरसा असतो. दिव्याचा उजेड आरशावरून परतून किरणांच्याच वाटेने खाली पडतो आणि आपण उजेडाच्या चौकोनाला किरणांचा चौकोन मानतो. दोन्हींत तफावत अंतराच्या दोन टक्क्यांपर्यंत चालते, १०० सेंटीमीटरवर दोन सेंटीमीटर. पण आरसा एक अंशाने वळला तर त्यावरून परतणारा उजेड दोन अंशांनी वळतो, आणि छातीच्या फोटोच्या १८० सेंटीमीटरवर तो सहा सेंटीमीटर भलतीकडे जाऊन पडतो. किरण आपल्या जागी, उजेड आपल्या. आलापल्ली ते भामरागड रस्त्याने गाडीत बसून गेलेल्या यंत्राचा आरसा जागचा हलला असेल का, ही शंका म्हणून रास्त आहे. कॅमेरा, चुंबक, कलमापक सगळे हजर असले तरी हा आरसा सरकला आहे हे त्यांतल्या कुणालाच कळत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्राममध्ये या सगळ्याचं एक वेगळंच उत्तर भेटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज आणि स्पाइन फाउंडेशनच्या सहकाऱ्यांची पाठीच्या कण्याच्या उपचारांची शिबिरं होत आली आहेत. कण्याची शस्त्रक्रिया म्हटली की सी-आर्म आलाच, इंग्रजी सी अक्षरासारखी कमान, एका टोकाला ट्यूब, दुसऱ्याला झेलणारं तोंड. कमान कशीही फिरवा, दोघांची तोंडं समोरासमोरच. ओळख नको, नोंद नको, कलमापक नको. मग चुकण्याजोगं उरतं ते एकच, पेशंटचा कणा कमानीच्या मध्यावर सरळ आहे का. मणक्याच्या मागचा काटा दोन्ही बाजूंच्या गोल सावल्यांच्या बरोबर मधोमध दिसायला हवा. सी-आर्मवाले तो दिसेपर्यंत कमान ढकलत राहतात आणि दिसला की थांबतात. सुटं पॅनल जी जुळणी बोलाचालीने करतं ती इथे पोलादाने केली आहे. बदल्यात कमान उचलून गावात नेता येत नाही.

याच संस्थेची आणखी एक वस्तू या ओघात आठवते, तिचा एक्स-रेशी संबंध नाही हाच तिचा मुद्दा. मुलांच्या न्यूमोनियावरचं गडचिरोलीतलं बंग यांचं काम १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. फोटोची सोय नसलेल्या गावात सुईणीने न्यूमोनिया ओळखायचा कसा? त्यासाठी मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० ची ओळ, मोठ्याला ५० ची. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला की औषध सुरू. मोजणारीला अंक यायची गरज नाही, आणि कुठली ओळ हे बाळाच्या वयावरून आधीच ठरतं. चूक होऊ शकते ती जागा बनवणाऱ्याने हेरली आणि तिथे मणी ठेवला.

डिजिटल एक्स-रेचा खेड्याकडे जाणारा स्वस्त मार्ग मात्र उलट दिशेचा आहे. जुनं ३०० मिलिअँपिअरचं यंत्र तसंच ठेवायचं आणि त्याला बाहेरून आणलेलं पॅनल द्यायचं. ट्यूब आणि पॅनल यांच्यात एकही तार नाही, ओळखही नाही. पॅनल अंधारात पडून राहतं, स्वतःतून वाहणारा बारीकसा प्रवाह मोजत. किरण पडले की तो उसळतो, पॅनल समजतं की फोटो सुरू झाला, आणि टिपायला लागतं. मला याचं कौतुक आहे. कुठल्याही कंपनीच्या ट्यूबसमोर उभं राहून काम करणारं हे पॅनल परक्याशीही नीट वागतं. याउलट, ज्या यंत्रांची आपसातली ओळख एवढी पक्की, ती दुसऱ्या कंपनीच्या पॅनलला दारातच उभं करतात. पॅनल हातातून निसटून फुटलं तर त्याच कंपनीचं, त्याच दराने, लाखांत. ओळख पटवण्याच्या या सोयीचं कुलूप करून विकणं ही या सुंदर रचनेतली मला सर्वांत कुरूप वाटणारी गोष्ट. पण परक्या पॅनलचीही किंमत आहे. बोटाच्या फोटोसाठी झोत बारीक केला आणि जिथे पॅनल कान लावून बसलं आहे तिथे किरणच पडले नाहीत, तर ते झोपूनच राहतं. आणि कोण, कुठे, कसं हे तिन्ही प्रश्न पुन्हा टेक्निशियनच्या डोक्यात.

हातात धरायच्या यंत्रापाशी हे टोकाला जातं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिसलं की छातीचा फोटो काढला नसता तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हातचे निसटले असते, खोकला-ताप विचारून ते हाती लागले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांच्या तपासणीत फोटो संगणकाने वाचायला मान्यता दिली. ७ डिसेंबर २०२४ ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली तेव्हा बॅटरीवरची, हातात मावणारी एक्स-रे यंत्रं तिच्या केंद्रस्थानी होती. अशी यंत्रं साडेतीन किलोंचीही मिळतात. अंगणवाडीच्या ओट्यावर पॅनल उभं करा, समोर माणूस, मागून ट्यूब. फोटो वाचणारं सॉफ्टवेअर मिनिटभरात सांगतं, संशय आहे की नाही. एटापल्ली-भामरागडच्या गावांसाठी याहून सोयीचं काही मी कल्पू शकत नाही, आणि ४२.६ या आकड्यापुढे माझे साडेतीन अंश थोडे कोते वाटतात हेही खरं.

तरी वाचणाऱ्याने वाचायला हवं. ट्यूब हातात किंवा हलक्या तिपाईवर, पॅनल वेगळ्या स्टँडवर, जमीन शेणाने सारवलेली आणि उताराची. समोरचा म्हातारा माडियाच बोलतो, त्याला खांदे पुढे टेकवायला सांगायचं कसं हाच पहिला प्रश्न. तो किंचित वळून उभा राहिला तर एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं दिसतं, हृदयाची सावली एकीकडे ओढली जाते, फुप्फुसाच्या मुळाशी नसलेली गाठ असल्यासारखी वाटते. सॉफ्टवेअर अशा लाखो फोटोंवर शिकलेलं असेलही. पण सगळी हुशारी फोटो निघाल्यानंतरच्या मिनिटात ओतली, आधीच्या तीन सेकंदांत काही ठेवलं नाही, हा तोल मला पसंत नाही. कलमापक फोनात असतो तेवढ्याच किमतीचा. ट्यूब आणि पॅनल दोघांत तो बसवणं आणि फरक जास्त असेल तर बटण दाबू न देणं याला नवं विज्ञान लागत नाही.

आता असा फोटो समोर आला की मी चित्राआधी त्याच्यासोबत आलेली माहिती उघडतो. डिजिटल एक्स-रेच्या फाइलमध्ये ती लपवून ठेवलेली असते, पॅनलचा अनुक्रमांक, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, किरण हवे त्याहून किती कमी-जास्त पडले तो आकडा, आणि ट्यूबपासून पॅनलपर्यंतचं अंतर. स्थिर यंत्राच्या फोटोत हे शेवटचं अंतर मोजून लिहिलेलं असतं, १८०३ मिलिमीटर, १७९६ मिलिमीटर, माणसाच्या उंचीप्रमाणे नाही पण दर वेळी थोडं वेगळं. हातातल्या यंत्रात अंतर मोजणारा लेझर नसेल तर तो रकाना रिकामा राहतो, नाहीतर प्रत्येक पेशंटसमोर तोच एक गोल आकडा पडतो. शंभर फोटोंत शंभरदा तोच आकडा दिसला, की मी ते शंभर फोटो कडांपासून पुन्हा वाचायला घेतो.